मेजरसाहेबांचा काळा कोट

फौजेने अप्पांना थोडक्यात बोलायला शिकवलं होतं, आणि राजकारणाने त्यांना लांबण लावायला शिकवायचा बराच प्रयत्न केला. तो फसला. निवडणुकीच्या पहिल्याच सभेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ते म्हणाले, की नळाच्या पाण्यासाठी मी भांडेन, पाणी येईल की नाही ते मला ठाऊक नाही. आणि खाली बसले. लोकांना वाटलं पुढे काही असेल. पुढे काही नव्हतं. माणसं आधी गप्प राहिली, मग हसली, आणि मला वाटतं त्या हसण्याच्या भरातच त्यांनी अप्पांना निवडून दिलं. निवृत्त मेजर असे म्हैसूर राज्याचे आमदार झाले. आईने पेढे वाटले आणि रात्री भांडी घासताना म्हणाली, "फौजेतून सुटले म्हणून मी नवस फेडला होता. आता तो परत मागावा लागेल."

आम्ही चामराजपेटेच्या मागच्या अंगाला राहायचो. शिंपी, रंगारी आणि जुनी मराठी घरं असलेली ती गल्ली. आमचे पूर्वज कधी काळी घोड्यांवरून इकडे आले आणि घोडे विकून इथेच राहिले, असं आजोबा सांगत. कोणाच्या फौजेतून आले आणि घोडे का विकावे लागले हे मात्र कधी सांगत नसत. आमचं मराठी ऐकून पुण्याच्या पाहुण्या तोंडावर पदर धरून हसायच्या. "स्वल्प बसा की," असं आई म्हणाली की त्यांना गुदगुल्या व्हायच्या. आईला त्याचा राग यायचा आणि ती मुद्दाम पुढचं वाक्य अख्खं कानडीत बोलायची. अप्पांना लोक मेजरसाहेब म्हणत, कानडी लोक मेजर रायरु म्हणत, आणि गल्लीतली लहान-मोठी सगळी पोरं, माझ्यासकट, अप्पा म्हणत.

सकाळ व्हायची ती आवाजांनी. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज, मग बुटांच्या ब्रशाचा, मग कॉफीच्या बिया दळायच्या हातयंत्राचा घरघराट. तोवर बाहेरच्या कट्ट्यावर माणसं येऊन बसलेली असत. कोणाला रेशनकार्ड हवं असे, कोणाच्या मुलाची बदली थांबवायची असे, कोणाच्या शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवलेली असे. अप्पा दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून बाहेर येत आणि प्रत्येकाला होय किंवा नाही सांगत. नाही सांगणारा आमदार लोकांनी आधी पाहिला नव्हता. "विचार करतो म्हणा की हो, बघतो म्हणा," आई आतून कुजबुजायची. अप्पांना ते जमत नसे. ज्याला नाही म्हणत त्यालाही कॉफी मात्र मिळे, त्यामुळे आमच्याकडच्या कॉफीत चिकोरीचं प्रमाण वाढत वाढत शेवटी नुसता रंगच उरला. आजही फार चांगली कॉफी प्यायले की मला परक्या घरी आल्यासारखं वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते कोटाबद्दल.

फौज सोडल्यावर अप्पांनी एक काळा, बंद गळ्याचा कोट शिवून घेतला होता. तो शिवला आमच्याच गल्लीतल्या बाबूराव शिंप्यांनी. डाव्या छातीवर पदकं अडकवायला आतून शिवलेली पट्टी होती, आणि ती पट्टी बाहेरून दिसू नये म्हणून बाबूरावांनी तीन वेळा उसवून पुन्हा शिवली, असं त्यांची बायको रखमाक्का कौतुकाने सांगायची. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तो कोट निघायचा. तेव्हा तो पाहायला पोरं मागे धावायची. पण वर्षातल्या इतर कुठल्याही दिवशी अप्पा त्या कोटात गल्लीत दिसले, तर बायका दारातली पोरं आत ओढून घेत.

त्याचं असं होतं. आमच्या त्या भागातली पुष्कळ मुलं फौजेत होती. त्यातल्या कोणाचं काही झालं की घरी इंग्रजी तार यायची, आणि ती वाचता येणारं घरात कोणी नसायचं. एकदा एका म्हाताऱ्या बापाने तार हातात घेऊन दिवसभर गल्लीत ती वाचून घ्यायला माणूस शोधला. भेटेल त्याला हसून विचारत होता, पोराला बढती मिळाली काय बघा. ते अप्पांच्या कानावर आलं. त्यानंतर त्यांनी पोस्टात जाऊन सांगून ठेवलं, की फौजेची तार आली की पोस्टमनने आधी आमच्या घरी यायचं. हे नियमात बसत नसणार, पण पोस्टमन बिचारा सुटला.

अप्पांची ती बातमी सांगायची रीत ठरलेली होती. ब्रह्मदेशात त्यांच्या एका साहेबाकडून ती ते शिकले होते. जायचं चालत. पदकं लावलेला कोट घालून, टोपी काखेत धरून. त्या घरात बसायचं नाही, पाणीदेखील घ्यायचं नाही. उभं राहून, जवळच्या माणसाकडे बघून, जवानाचं नाव घेऊन पूर्ण वाक्य बोलायचं. 'वाईट झालं', 'देवाची इच्छा' असलं अर्धवट काही नाही. मग तिथेच उभं राहायचं, घरातलं कोणी जा म्हणेपर्यंत. एकदा ते ऊन डोक्यावर येईतो एका अंगणात उभे होते, कारण त्या घरातल्या कोणाला त्यांना जा म्हणायचं सुचलंच नाही. घरी येऊन मग ते पाणी प्यायचे, तांब्या तोंडाला लावून, घटाघटा. त्या दिवशी आई जेवायला रागीची, म्हणजे नाचणीची, आंबील करायची, चावावं लागू नये असं काहीतरी.

बाबूराव वारले आणि त्यांचा मुलगा वासू शिवणयंत्रावर बसला. वासूचा हात बापासारखा नव्हता. त्याने शिवलेल्या माझ्या परकराची एक बाजू नेहमी लांब असायची आणि तो म्हणायचा, "स्वल्प वाकडी चाल की शकू, बरोबर बसेल." एक दिवस तोही आमच्या कट्ट्यावर येऊन बसला. सरकारी कचेरीत चिकटवून द्या म्हणाला.

"नाही," अप्पा म्हणाले. "चिठ्ठी देत नाही मी कोणाला. फौजेत जातोस? भरतीला मी स्वतः घेऊन जातो."

वासूने आईकडे बघितलं, म्हणजे माझ्या आईकडे. ती कॉफीचा पेला पुढे करून उभी होती. मग तो कानडीत बरं म्हणाला, "सरी अप्पा."

इतकं सोपं झालं ते. रखमाक्काला एकुलता मुलगा दूर जायचं दुःख झालं, पण मेजरसाहेबांनी स्वतः नेलं याची ऐटही होती. पहिल्या सुट्टीत त्याचं लग्न झालं. मुलगी कोलारकडची, नाव गिरिजा. माझ्याहून थोडी मोठी असेल, पण लग्न झालेली म्हणून मी तिला गिरिजक्का म्हणायची. ती बारीक होती आणि फार हसायची, आणि हसली की हातातला हिरवा चुडा वाजायचा. तिच्या घरावरून जाताना ती कुठल्या खोलीत आहे ते बाहेरून कळायचं. सुट्टी संपवून वासू गेल्यावर शिवणयंत्र तिनेच चालवायला घेतलं. मला भरतकाम तिने शिकवलं. एका रुमालावर मी मोर काढला तो कोंबडा दिसत होता, तेव्हा ती हसत म्हणाली, "राहू दे. कोंबडा सकाळी उठवतो तरी. मोर काय करतो?"

मग चीनशी लढाई लागली. आमच्या बेंगळुरात लढाई म्हणजे रेडिओ. संध्याकाळी ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या खिडकीखाली गल्ली गोळा व्हायची. शाळेत आम्ही मोजे विणत होतो, माझ्या एका मोज्यात दोन पाय मावले असते. अप्पा विधानसौधात जात आणि तिथून येलहंक्यापर्यंतच्या खेड्यांतून सभा घेत. एरवी न बोलणारा माणूस तेव्हा बोलायचा, कारण तो विषय त्यांना येत होता. तरुण मुलं सभेतूनच उठून भरतीला जायची. पुढाऱ्यांच्या ते डोळ्यांत भरलं. पक्षाचे अध्यक्ष एकदा आमच्याकडे येऊन खरी कॉफी पिऊन गेले, आईने त्या दिवशी चिकोरी घातली नव्हती, आणि अप्पांना आता मंत्रिमंडळात घेणार असं सगळे बोलू लागले. अप्पा मात्र रेडिओवरच्या बातम्या ऐकून नकाशासमोर बसत. "कपडे नाहीत पोरांना," एवढंच एकदा म्हणाले. "बर्फात आहेत, आणि अंगावर कपडे नाहीत."

लढाई थांबली आणि थंडी पडली. आमच्याकडे थंडी म्हणजे अवरेकाळूचे दिवस. पावट्याच्या जातीचा तो दाणा, दवाने भिजलेल्या शेंगांचे ढीग बाजारात येतात आणि त्यांचा वास हातांना दिवसभर राहतो. दाणे रात्री भिजत घालायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचा. एकटीने करायचं काम नव्हे ते. त्या सकाळी रखमाक्काच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो: रखमाक्का, गिरिजक्का, शेजारच्या दोन म्हाताऱ्या आणि मी. गिरिजक्का मुद्दाम दाणा माझ्या तोंडावर उडवत होती. वासूचं पत्र बरेच दिवस आलं नव्हतं, पण लढाई संपली होती, आणि संपल्यावर कोणाला काही होत नाही असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

तेव्हा आमच्या घरी काय चाललं होतं ते आईने मला फार वर्षांनी सांगितलं. पोस्टमन तार देऊन गेला. अप्पांनी ती वाचली आणि आईला सांगितलं, वासू बेपत्ता आहे. मेलेला नाही. सापडत नाही. आणि ते कपाटाकडे गेले.

"कोट कशाला काढताय?" आई म्हणाली. "हे तसं नाही. तसेच जाऊन सांगा."

"जवानाची बातमी आहे. सदरा घालून सांगू?"

"अहो, कोट बघून काय वाटेल त्यांना?"

"मी बोलणार आहे ना," अप्पा म्हणाले. "पूर्ण सांगणार आहे."

त्यांनी पदकं लावली. आईने एकदा दार अडवलंही होतं म्हणे, पण मग तिला वाटलं, फौजेचं यांना जास्त कळतं. तिचं ते दारातून बाजूला होणं तिला शेवटपर्यंत लागून राहिलं. मला विचाराल तर त्यात तिचा काही दोष नव्हता. अप्पांना सन्मान दाखवायची एकच रीत येत होती, आणि ती रीत गल्लीने दुसऱ्याच अर्थाने पाठ केली होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. सभेत हजार माणसांची नजर ओळखणारे पुढारी असतात. अप्पा त्यातले नव्हते.

मी पाठमोरी बसले होते. गिरिजक्काचा हात मध्येच थांबला म्हणून मी वळून पाहिलं. दारात काळा कोट उभा होता. टोपी काखेत होती. कोट ज्याने शिवला त्याच्याच दारात.

"शिपाई वासुदेव बाबूराव," अप्पा म्हणाले.

एवढंच. त्यापुढचं रखमाक्काच्या किंकाळीत गेलं. तशी किंकाळी मी पुन्हा कधी ऐकली नाही आणि ऐकायची इच्छा नाही. परात उलटली, सोललेले दाणे ओसरीभर झाले. आजूबाजूच्या घरांतून बायका धावल्या. त्यांनी कोट गल्लीतून येताना पाहिलाच होता, त्या जणू दाराआड तयारच होत्या. दोघी म्हाताऱ्यांनी गिरिजक्काचे हात धरले आणि तिला वाटणाच्या पाट्याशी नेलं. अप्पा बोलत होते, त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते, पण बायकांच्या रडण्यात काही ऐकू येत नव्हतं. मग ते परेडवरच्या आवाजात ओरडले, थांबा म्हणून. गल्लीने तो आवाज कधी ऐकला नव्हता. सगळ्या क्षणभर थांबल्या, आणि त्या क्षणात चुड्याचे तुकडे पाट्यावरून खाली पडल्याचं ऐकू आलं. कोणीतरी आधीच ओल्या पदराने तिचं कपाळ पुसलं होतं.

या सगळ्यात गिरिजक्का रडली नव्हती. ती हात ओढून घेत नव्हती, आरडाओरडाही करत नव्हती. ती अप्पांच्या तोंडाकडे बघत होती, वाक्य पुरं व्हायची वाट बघितल्यासारखी. मला ते तेव्हा दिसलं आणि कळलं नाही.

अप्पा घरी आले आणि त्यांनी पाणी मागितलं नाही. कोट काढून खुर्चीवर टाकला. आयुष्यात त्यांनी कपडा टाकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आईला म्हणाले, "जा आणि सांग त्यांना. तू सांग. मुलगा मेला नाही."

आई गेली. दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना खरं काय ते कळलं होतं, पण कळून काही उपयोग नव्हता. भटजींनी सांगितलं, एकदा उतरलेलं सौभाग्य नवरा डोळ्यांना दिसल्याशिवाय चढवता येत नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या, आता पुन्हा बांगड्या भरणं म्हणजे वासूच्या जिवावर बेतायचं. आणि रखमाक्काने आईला उंबऱ्यावरच थांबवलं. "अक्का, माझ्या सुनेपुढे आशेची भाषा नको," ती म्हणाली. "आशेवर बसलेली पोर मी कशी सांभाळू? मेला म्हणून रडली तर एक दिवस रडणं थांबेल. मेजरसाहेबांना सांग, या घरात पुन्हा येऊ नका." मला रखमाक्काचा राग यायचा तेव्हा. आता तिच्या वयाच्या पुढे गेल्यावर येत नाही. तिला जे झेपत होतं ते तिने धरलं.

त्या दिवसापासून अप्पांच्या डोक्यात एकच होतं, की त्या मुलीचं कुंकू तिला परत मिळालं पाहिजे. ते आपण पुसलं असं ते म्हणायचे. फौजेच्या कचेऱ्यांत त्यांनी खेटे घातले, ओळखीच्या अधिकाऱ्यांना गाठलं. सगळीकडे एकच उत्तर: बेपत्ता. जेवताना मध्येच हात थांबवून ते आईला म्हणायचे, "फौजेत चूक झाली की शिक्षा मिळते. भोगली की मोकळा होतो माणूस. इथं जो तो म्हणतो, असू दे की मेजरसाहेब." आई त्यांच्या भातावर हुळी, आमच्याकडची आंबट आमटी, वाढायची. अवरेकाळू त्या वर्षी आमच्या घरात पुन्हा आले नाहीत.

मग ती सभा आली. पक्षाने किल्ल्याजवळच्या मैदानात लढाईच्या निधीसाठी मोठी सभा घेतली, आणि त्यात आमच्या भागातल्या हुतात्म्याच्या घरच्यांचा सत्कार ठरवला. हुतात्मा म्हणजे वासू. नव्या विधवेला वर्षभर बाहेर पडायचं नसतं म्हणून गिरिजक्काला आणलं नाही, रखमाक्का आली. खुर्चीच्या कडेला, पाय वर घ्यावेत की खाली ठेवावेत हे न कळल्यासारखी ती बसली होती. आयुष्यात कोणी तिला खुर्ची दिली नव्हती. अध्यक्षांनी तिला वीरमाता म्हटलं तेव्हा टाळ्या थांबेनात, आणि तिचा चेहरा मी पाहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यावर काहीतरी उजेड होता. शाल पांघरायचा मान अर्थात अप्पांचा होता. त्याच आठवड्यात मंत्र्यांची नावं जाहीर व्हायची होती.

अप्पा पांढऱ्या कपड्यांत होते. त्यांनी शाल हातात घेतली आणि ती तशीच धरून ध्वनिक्षेपकाकडे गेले. कानडीत म्हणाले, "शिपाई वासुदेव बाबूराव हुतात्मा नाही. तो बेपत्ता आहे. फौजेने त्याला मेला म्हटलेलं नाही, म्हणून मीही म्हणणार नाही. त्याची बायको विधवा नाही. बातमी मी नेली होती आणि चुकीच्या रीतीने नेली. चूक माझी आहे." आणि नेहमीसारखे मध्येच थांबले. या वेळी कोणी हसलं नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, मग बरेच जण ओरडू लागले. अध्यक्ष उठून उभे राहिले. पण मला आठवते ती रखमाक्का. ती खुर्चीतून उतरून अप्पांच्या समोर आली. मोठ्याने बोलली नाही, ध्वनिक्षेपक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"माझ्या लेकाला तुम्हीच नेलंत," ती म्हणाली. "आता त्याचं मरणही काढून घेता?"

अप्पांच्या हातात शाल तशीच होती. त्यांना ती तिच्या खांद्यावर घालता येईना आणि खाली ठेवताही येईना. शेवटी एका कार्यकर्त्याने ती काढून घेतली. आम्ही चालत घरी आलो. वाटेत आई त्यांच्या शेजारी आली आणि तिने त्यांचा हात धरला, भर रस्त्यात. तसं कोणी करत नसे तेव्हा.

अप्पा मंत्री झाले नाहीत. पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट दिलं नाही, आणि अपक्ष उभे राहिले तर आमच्या गल्लीनेही मतं दिली नाहीत. हुतात्म्याचा अपमान केला म्हणे. त्याआधीच चीनने कैदी सोडले होते, त्यांत वासू नव्हता. तरी तो मेल्याचंही कोणी सांगितलं नाही. कट्ट्यावरची माणसं कमी होत होत संपली. आमची कॉफी पुन्हा चांगली झाली आणि ती प्यायला कोणी नव्हतं. सकाळी वस्तऱ्याचा आवाज यायचा, बुटांचा यायचा, आणि मग अप्पा इस्त्रीचे कपडे घालून रिकाम्या कट्ट्याकडे बघत बसायचे. तार आली तर पोस्टमन आता परस्पर घरी देऊन जायचा. कोट आईने कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवला. पंधरा ऑगस्टलाही तो निघाला नाही.

रखमाक्का गेली त्यानंतरची गोष्ट. अप्पांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी जिना चढू नका, फार बोलू नका असं सांगितलं होतं. त्यातलं दुसरं आम्ही त्यांना सांगितलंच नाही. ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून असायचे. एका सकाळी गिरिजक्का आली. इतक्या वर्षांत ती आमच्या पायरीपाशी आली नव्हती. सासूचा शब्द तिने सासू असेपर्यंत पाळला होता. पांढुरकं लुगडं, मोकळं कपाळ, शिवणयंत्राने खरखरीत झालेली बोटं. हसण्याचा आवाज कधीच गेला होता. ती पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली,

"अप्पा, त्या दिवशी तुम्ही सांगायला आला होता. ते राहिलंय."

अप्पांना समजलं नाही. "तुला ठाऊक आहे की सगळं, पोरी," ते म्हणाले.

"ऐकलंय. भटजींकडून ऐकलं, नळावर ऐकलं. मला कोणी सांगितलं नाही."

मग अप्पांनी आईला म्हटलं, "कोट." आई आत जायला निघाली, तसे स्वतःच म्हणाले, "नको. राहू दे." खुर्चीचे हात धरून ते उठले. मी पुढे झाले तर मला त्यांनी डोळ्यांनीच मागे सारलं. पायात काही नव्हतं, अंगात घरचा सदरा होता, एक हात भिंतीवर होता. तरी टाचा जुळल्या.

"शिपाई वासुदेव बाबूराव," ते म्हणाले. दम लागला म्हणून थांबले. गिरिजक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होती, त्या सकाळी बघत होती तशीच. "शिपाई वासुदेव बाबूराव, तुझा नवरा, आघाडीवर बेपत्ता आहे. तो मेल्याची खबर नाही."

"सरी," ती म्हणाली.

आणि मग ती रडली. त्या दिवशी न रडलेलं सगळं ती आमच्या पायरीवर बसून रडली. अप्पा उभेच राहिले. रीतीप्रमाणे तिने जा म्हणायला हवं होतं, पण घर त्यांचंच होतं, जाणार कुठे? आई आत गेली आणि देवघरातला करंडा घेऊन आली. भटजींना विचारलं नाही, अप्पांकडे बघितलंही नाही. गिरिजक्काची हनुवटी वर केली आणि तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. तिच्या रडण्याने ते स्वल्प ओघळलं, ते आईने पदराने पुसून नीट केलं. अप्पा खाली बसले. ते फारसे बरे झाले नाहीत, पुढच्या थंडीच्या आधीच गेले. पण त्या दुपारी त्यांनी आंबील नको म्हणून सांगितलं आणि नीट जेवले.

गल्लीने गिरिजक्काला नावं ठेवली, काही घरांनी हळदीकुंकवाला बोलावणं टाकलं. तिने हिरव्या बांगड्या भरल्या आणि यंत्र चालवत राहिली. वासू आला नाही. मला इथे काही गोड सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. तिने किती वाट बघितली, बघितली की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. मी लग्न होऊन गेले, परत आले, म्हातारी झाले. ती माझ्याहून जास्त म्हातारी झाली आणि शेवटी सर्जापूर रोडवर भाचीच्या घरी राहायला गेली, उंच इमारतीत, जिथून खाली बघितलं की तिला चक्कर यायची.

परवाच्या पावसाळ्यात ती गेली. भाचीचा फोन आला तेव्हा मी कपाटातली हिरवी साडी काढली, ओटीचं सामान घेतलं आणि रिक्षा केली. घरात चार-सहा बायका होत्या, कोलारकडचे नातेवाईक, शेजारच्या दोघी. माझ्या हातातली साडी बघून एकीने हळूच विचारलं, "मामी, यांना हिरवं कसं चालेल? यांचे यजमान तर लढाईत गेले ना?" कोणीतरी मला खुर्ची पुढे केली, कोणीतरी पाण्याचा पेला आणला. माझे गुडघे आता उभं राहू देत नाहीत, तरी मी खुर्ची नको म्हटलं आणि पेलाही. भिंतीला हात लावून उभी राहिले.

"शिपाई वासुदेव बाबूराव, हिचा नवरा, बेपत्ता आहे," मी म्हणाले. "तो मेल्याची खबर नाही."

भाचीने माझ्या हातातून साडी घेतली. गिरिजक्काला हिरवी नेसवली, हातात हिरवा चुडा भरला, आणि कपाळावर कुंकू मी लावलं. तिला नेईपर्यंत उभी होते. मग घरी येऊन पाणी प्यायले.